सदतीस चुका

चष्मेवाल्यांच्या घरात माणसं दोन, खोल्या तीन, आणि त्यातली सगळ्यात मोठी, चांगली उजेडाची खोली होती रेल्वेची. सोळा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल. त्यावर डोंगर, नदी, दोन स्टेशनं, एक बोगदा, एक पूल, आणि या सगळ्यातून धावणारी दोन बोटं उंचीची गाडी. धावणारी म्हणजे तिच्या मनात आलं तर. नाही आलं तर ती तिसऱ्या वळणावर आडवी व्हायची आणि चष्मेवाले चिमटा घेऊन तिच्या सेवेला लागायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या नाकावर चष्मे बसवले, पण जीव सगळा या रुळांवर. दुकान बंद केल्यावर तर बोलायलाच नको. सकाळचा चहा घेऊन आत गेलेला माणूस जेवायला तिसऱ्या हाकेला बाहेर यायचा.

बायको पडदे शिवायची. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, लोकांच्या घरांचे. पडद्याचं कापड लांबलचक. ते पसरायला जागा लागते, आणि त्या घरात सलग सोळा फूट जागा एकच होती, तिच्यावर नदी वाहत होती. मग ती बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावायची, फरशीवर चटई टाकायची आणि गुडघ्यांवर रांगत रांगत कापड कापायची. एक-दोन नाही, तीस वर्षं. चष्मेवाले पाणी प्यायला बाहेर आले की कापडावरून टांग टाकून जायचे. "जपून हं," ती म्हणायची. "कापड आहे ते."

एका सकाळी ती दवाखान्यातून आली, पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय. आता एक तर माझे गुडघे राहतील, नाहीतर तुमची रेल्वे. मला ते टेबल हवंय."

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पण मुरलेला माणूस. म्हणाले, "अगं, आमच्या रेल्वे-मंडळाचं या वर्षीचं प्रदर्शन तेवढं होऊ दे. या वर्षी बक्षीस नक्की."

"हे मी सव्वीस वर्षं ऐकतेय."

"या वर्षी वेगळं आहे."

"बरं," ती म्हणाली. "बक्षीस आलं, तर मी मरेपर्यंत त्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर टेबल रिकामं करायचं. आणि ते तुम्ही करायचं, स्वतःच्या हातांनी. मी एक खिळा उचलणार नाही."

"कबूल," चष्मेवाले म्हणाले, आणि इतक्या पटकन म्हणाले की तिला शंका यायला हवी होती. कारण आतली गोष्ट अशी की हातकामाच्या गटात या वर्षी प्रवेशिका एकच होती. त्यांची. एकट्याच्या शर्यतीत हरायला माणूस किती करंटा असावा लागतो?

आता हातकामात दुसरं कुणी का नव्हतं, तेही सांगायला हवं. पाच-सात वर्षांपूर्वी बाजारात ती पूड आली आणि या छंदाची पार दैना झाली. पूड टेबलावर भुरभुरायची, काय हवं ते तोंडाने सांगायचं, "एक घाट, दोन बोगदे, खाली गाव," आणि झोपायला जायचं. सकाळी घाट तयार. रूळ आपोआप उगवलेले, सरळ म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघा, केसभर फरक नाही. इंजिनाला अक्कल. वेळापत्रक तेच ठरवणार, धूळ तेच झटकणार. वर पुन्हा तांदळाएवढे प्रवासी, तेही आपापल्या डोक्याने चालणारे. कुणी कामावर जातंय, कुणी सासरहून रुसून निघालंय. मंडळातले दातांचे डॉक्टर एकटे राहायचे. त्यांच्या टेबलावर असे चार हजार प्रवासी. त्यातला एकजण पाच दहाच्या गाडीने बायकोला सोडून गेला, तर डॉक्टर आठवडाभर चिंतेत. दाढ उपटताना पेशंटला विचारायचे, "परत येईल का हो तो?" पेशंट बिचारा तोंड उघडं ठेवून काय सांगणार!

असं सगळं झकास चाललं, आणि झालं काय, की माणसाला कामच उरलं नाही. डॉक्टर एकदा मंडळात रडकुंडीला येऊन म्हणाले, "माझी रेल्वे इतकी छान चालते, की मी खोलीत गेलो की तिची अडचण होते."

कंपनीवाले काय दूधखुळे नसतात. त्यांनी लगेच 'बिघाड योजना' काढली. साध्या योजनेत आठवड्यातून एकदा डबा घसरणार. मधल्या योजनेत सिग्नल अडकणार आणि तारेतून जळका वास येणार. आणि उच्च योजनेत वळण चुकलेलं, पूल कललेला, प्लॅटफॉर्म फुगलेला, थेट अस्सल हाताने केल्यासारखं, आणि ऐन कामात भिंतीतून एका बाईचा आवाज, "येताय ना? गार होतंय सगळं!" डॉक्टरांनी अर्थातच उच्च योजना घेतली. ती हाक ते दिवसातून तीनदा लावायचे. एकट्या माणसाला तेवढंच बरं वाटायचं.

चष्मेवाले या सगळ्यांकडे चष्म्याच्या वरून बघायचे. "विकतच्या चुका!" म्हणायचे. "अरे, आमच्या घरच्या चुका आहेत. ताज्या." आणि ते खरंच होतं. त्यांचा पूल चष्म्यांच्या मोडक्या काड्यांचा. रुळांचे खिळे त्यांनी काचा बसवायच्या चिमट्याने एकेक करून ठोकलेले, सहा हजारांच्या वर. नदी मात्र थोडी चढावर वाहायची. पण मंडळाची एक जुनी रीत होती: कुणाच्याही मांडणीत काहीही वाकडं दिसलं, तर करणाऱ्याने शांतपणे म्हणायचं, "खऱ्या रेल्वेतही असंच असतं," आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. चुकलो असं त्या मंडळात आजवर कुणीही म्हटलेलं नव्हतं. पडलो तरी नाक वर, हाच तिथला कायदा म्हणा ना.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. टेबलाचे चार भाग करून, टेम्पोत घालून, चष्मेवाल्यांनी ते तिथे नेऊन जोडलं. परीक्षक म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर बसवलेली दोन भिंगं आणि आत एक अतिशय सभ्य आवाज. मार्क कापायची सवय म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मास्तर जवळ आला तसं चष्मेवाल्यांनी आधी खिशातला रुमाल काढून त्याची भिंगं पुसली. जन्माची सवय, जाते कुठे!

"आभारी आहे," मास्तर म्हणाला आणि वीस मिनिटं सगळं बघत राहिला. तेवढ्या वेळात गाडी दोनदा घसरली. चष्मेवाल्यांची छाती अभिमानाने फुगली. अशी घसरलेली गाडी त्या अख्ख्या सभागृहात दुसरी नव्हती.

मग मास्तर बोलला. "मांडणीत सदतीस चुका आढळल्या. त्यातल्या छत्तीस चुका उच्च बिघाड योजनेतल्या चुकांशी तंतोतंत जुळतात. हातकामाच्या गटात विकतचे बिघाड चालत नाहीत. प्रवेशिका बाद."

चष्मेवाल्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाद? मी? अहो, या चुका करण्यात माझी तीस वर्षं गेली!"

मंडळाच्या सेक्रेटरीबाई धावत आल्या. त्या पूर्वी ग्रंथालयात होत्या, त्यामुळे भांडण लागलं की आधी हळू बोला म्हणायच्या. त्यांच्या मागे डॉक्टर उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू त्यांचीच दाढ कुणीतरी धरलीय.

"माझंच चुकलं," डॉक्टर म्हणाले. मंडळात हा शब्द पहिल्यांदाच ऐकला म्हणून दोघंही वळून बघायला लागली. "कंपनीला खऱ्या चुकांचे नमुने हवे होते. मी महिनाभर दर रविवारी तुमच्याकडे यायचो बघा, चहाला? तेव्हा तुमची मांडणी टिपून घेतली आणि पाठवून दिली. त्याबद्दल मला योजना फुकट मिळाली."

"माझीच का पाठवलीत?"

"तुमच्याइतक्या चुका दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या हो!" डॉक्टर अगदी मनापासून म्हणाले.

म्हणजे जगात जिथे जिथे उच्च योजना पोचली होती, तिथे तिथे गाड्या चष्मेवाल्यांच्या तिसऱ्या वळणावर घसरत होत्या. आणि चोर कोण, तर चष्मेवाले! आनंद मानावा की कपाळ बडवावं, त्यांना ठरवता येईना.

मास्तरने डॉक्टरांची साक्ष मानली नाही, कारण कंपनी नमुने कुठून आणते ते गुपित असतं. पण सेक्रेटरीबाईंनी नियमांचं पुस्तक उघडून फेरतपासणीचं कलम काढलं. मास्तर म्हणाला, "मान्य. पुढच्या रविवारी सकाळी अकराला सुनावणी. प्रत्येक चूक कशी झाली ते सांगायचं. खऱ्या चुकीला इतिहास असतो, विकतच्या चुकीला नसतो."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"म्हणजे बक्षीस नाही आलं," ती म्हणाली.

"रविवारपर्यंत थांब."

"तीस वर्षं थांबले. आठ दिवसांनी काय होतंय!"

रविवारी ती सोबत निघाली. "तू कशाला येतेस?" त्यांनी विचारलं. "निकाल मलाही हवाय ना," ती म्हणाली, आणि पिशवीत एक पडदा कोंबला. सभागृहात ती मागच्या रांगेत बसली आणि पडद्याला दुमड घालायला लागली. पुढे मंडळाची तीसेक माणसं, मध्ये टेबल, टेबलापाशी मास्तर. चष्मेवाले नवा शर्ट घालून उभे.

"चूक पहिली," मास्तर म्हणाला. "तिसरं वळण गरजेपेक्षा आखूड. कारण?"

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. आता खरं सांगायचं तर त्यांना कारण आठवतच नव्हतं. ज्या दिवशी गाडी नीट चालली ते दिवस त्यांना तारीखवार पाठ होते. बाकीचे दिवस कुठे गेले, कुणास ठाऊक. आणि समोर अख्खं मंडळ बसलेलं. जिभेला जे वळण होतं तेच ती बोलली.

"खऱ्या रेल्वेतही असंच असतं."

मंडळाने मान डोलावली.

"म्हणजे मुद्दाम केलं?"

"मुद्दामच."

"चूक दुसरी. पूल डावीकडे कललेला."

"जुने पूल कलतातच. अभ्यास करून केलंय."

"चूक तिसरी. दुसऱ्या स्टेशनला सिग्नल नाही."

"रेल्वे खात्यात काटकसर चालू आहे."

कुणीतरी हसलं. मास्तर हसला नाही. "मुद्दाम केलेली चूक ही चूक नसते, सजावट असते. सजावट विकत मिळते. तिन्ही उत्तरं तुमच्या विरुद्ध नोंदवली आहेत. चूक चौथी?"

आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्यांना कळत होतं. पण "चुकलो" हा शब्द गळ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. त्यांनी मागे वळून पाहिलं. बायको खाली मान घालून टाके घालत होती. तिला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, की संध्याकाळपर्यंत टेबल तिचं. हे त्या सभागृहात फक्त दोघांना माहीत होतं. तिच्या जागी मी असतो तर गप्पच बसलो असतो, चष्मेवाल्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी मान फिरवली.

तेवढ्यात तिने दाताने दोरा तोडला आणि ती उभी राहिली.

"खोटं बोलतायत ते," ती म्हणाली.

संपलं, चष्मेवाल्यांना वाटलं. आता हिनेच शेवटचा खिळा ठोकला.

"आपण कोण?" मास्तरने विचारलं.

"मी त्यांची बायको. हे वळण मुद्दाम-बिद्दाम काही नाहीये. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती, तिच्या परीक्षेचा निकाल होता त्या दिवशी. हे गोंद लावून तसेच आमच्याबरोबर शाळेत आले. ती पहिली आली, म्हणून आम्ही रमतगमत परतलो. तोवर गोंद वाळला आणि वळण तिथेच बसलं. यांनी माझ्या कात्रीने ते खरवडून बघितलं. कात्रीला खाच पडली, ती अजून आहे."

मास्तरची दोन्ही भिंगं तिच्याकडे वळली. "पूल?"

"पूल सरळच आहे हो. टेबल वाकडं आहे. मी खालून केर काढते तेव्हा एक पाय दोन बोटं सरकला. यांनी पूल तीनदा मोडला आणि तीनदा बांधला."

"नाचता येईना, अंगण वाकडं, म्हणतात," डॉक्टर पुटपुटले, "इथे खरंच वाकडं निघालं की!" आणि सगळे खो-खो हसले. चष्मेवाले हसले नाहीत. तीन महिने गेले होते त्या पुलात. नुसतं वाकून टेबलाचा पाय बघायचा होता!

मग बाई थांबलीच नाही. सिग्नल केर ओढायच्या मशीनने गिळला होता. प्लॅटफॉर्म इस्त्रीच्या वाफेने फुगला होता, कारण बाहेरच्या खोलीतला प्लग सहा महिने चालत नव्हता आणि दुरुस्त करणारा माणूस आत सिग्नल रंगवत होता. नदी चढावर गेली, कारण मुलीने लहानपणी डोंगराखाली खेळण्यातली भांडी लपवली आणि ती काढायला मन होईना. बोगद्यात गाडी अडायची, कारण आतून पडद्याच्या अस्तराचे तुकडे चिकटवलेले होते, "तेही मला न विचारता." एक खांब मांजराने पाडला होता. ती बोटाने दाखवत होती, एकही चूक चुकवत नव्हती, आणि चष्मेवाले आ वासून ऐकत होते. त्यांना वाटायचं, ही त्या खोलीत फक्त हाक मारायला येते.

तीस चुका झाल्या आणि ती थांबली.

"एकतिसावी," मास्तर म्हणाला. "सांध्याचा रूळ आत वाकलेला. गाडी डावीकडे वळत नाही. योजनेत नसलेली चूक ती ही एकच."

चष्मेवाल्यांना ती चूक चांगली ठाऊक होती. एक वर्ष त्यांनी त्या सांध्याचं निदान केलं होतं. भिंग लावून, कागद सरकवून, तारा बदलून. शेवटी रुळाच्या धातूलाच दोष देऊन सोडून दिलं होतं.

"ती माझी," बायको म्हणाली. "मी वाकवला तो. कात्रीच्या मुठीने."

"अपघाताने?"

"नाही. मुद्दाम." तिचा आवाज खाली आला, पण शेवटच्या खुर्चीलाही ऐकू गेलं. "माझी आई गेली, त्याचा फोन आला होता. मी सांगायला आत गेले. हे म्हणाले, एक मिनिट, एवढी गाडी सांध्यावरून जाऊ दे. मी थांबले. गाडी गेली. मग सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेल्यावर मी तो रूळ वाकवला."

मास्तरची भिंगं त्या रुळावरून तिच्याकडे गेली आणि पुन्हा रुळाकडे आली. यंत्राला एवढा वेळ लागत नसतो. मग म्हणाला, "मुद्दाम केलेली चूक म्हणजे सजावट, असा नियम आहे."

"सजावट म्हणून नव्हतं केलं ते," ती म्हणाली.

"नोंद घेतली," मास्तर म्हणाला.

चष्मेवाल्यांना वर बघवेना. त्यांना तो फोन आठवत होता. आपण धावत जाऊन टॅक्सी आणली, सगळं धडपडून केलं, हे आठवत होतं. ते एक मिनिट मात्र अजिबात आठवत नव्हतं.

उरलेल्या सहा चुका तिने भराभर सांगितल्या. मग मास्तरने निकाल दिला. सदतीसच्या सदतीस चुकांना इतिहास आहे, मांडणी अस्सल हातकामाची, प्रवेशिका वैध, गटाचं बक्षीस मान्य. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी चष्मेवाल्यांना मिठीच मारली. सव्वीस वर्षांनी! चष्मेवाले बक्षिसाची ढाल घ्यायला दोन पावलं पुढे गेले आणि हातही पुढे केला.

"नाव नोंदवायचं आहे," मास्तर म्हणाला. "नियम असा आहे की मांडणीत ज्याचा हात जास्त दिसतो, ती मांडणी त्याची. पूडवाल्यांनी दुसऱ्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवू नये म्हणून हा नियम मागच्या वर्षी मंडळाने केला. ठरावावर पहिली सही आपलीच आहे. रूळ सरळ असले की हात कुणाचा ते कळत नाही. हात कळतो तो चुकांवरून. इथे अकरा चुका आपल्या, तीन मुलीच्या, एक मांजराची, आणि बावीस बाईंच्या. हातकामाचं बक्षीस बाईंना."

चष्मेवाल्यांचा हात हवेतच राहिला. सेक्रेटरीबाईंनी ढाल त्या हाताच्या बाजूने अलगद पुढे नेली आणि बायकोच्या हातात ठेवली. बायकोने ती पडद्याबरोबर पिशवीत टाकली.

बाहेर पडताना डॉक्टर मागे मागे आले. "वहिनी, अहो, हा इतिहास कंपनी सोन्याच्या भावाने विकत घेईल! बोलू का त्यांच्याशी?"

"इतिहास कशाला," ती म्हणाली. "नवराच न्या म्हणावं. चुका काय, रोज ताज्या देईल."

टेम्पोत दोघं ड्रायव्हरशेजारी बसली, मागे टेबलाचे चार तुकडे खडखडत होते. चष्मेवाले मनातल्या मनात हिशोब जुळवत होते. बक्षीस आलं खरं. पण कुणाचं आलं? आलं म्हणजे आलं, असं म्हणायला त्यांची जीभ आज धजत नव्हती. शेवटी घरी, टेबल पुन्हा जोडून झाल्यावर, त्यांनीच विषय काढला.

"मग... खोलीचं काय?"

"काय म्हणजे? बक्षीस आलं," ती म्हणाली. "बोलले होते ना, खोलीचं नाव काढणार नाही? नाही काढणार."

आणि तिने बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या. चटई टाकली. कापडाचा गठ्ठा आणला. खुर्चीच्या पाठीला धरून तिने आधी एक गुडघा टेकला, थांबली, ओठ घट्ट मिटले, मग दुसरा टेकला. चष्मेवाले दारात उभे होते. पाणी प्यायला निघाले होते आणि कापड ओलांडायला पाय उचललेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"गुडघे कधीपासून दुखतायत गं?"

"बोगदा केलात त्या वर्षापासून."

"मग सांगायचं नाहीस का!"

"सांगितलं होतं की."

त्यांनी पुढे विचारलं नाही. आपण तेव्हा काय म्हणालो असू, ते त्यांना आठवत नव्हतं, पण आता ते आठवायची गरज नव्हती. त्यांना लाज वाटली. अशी वाटली, की तिथे उभं राहवेना.

ते आत गेले. चिमटा घेतला आणि पहिला खिळा उपटला, मग दुसरा. सहा हजार खिळे चिमट्याने काढायचे तर पुढचं वर्ष उजाडेल, हे दहाव्या खिळ्यालाच कळलं. मग पक्कड आणली. डोंगर सुरीने कापून उचलला, तर खाली मुलीची भांडी सापडली. ती त्यांनी खिशात घातली. सिग्नल, खांब, माणसं जुन्या चष्म्यांच्या डब्यांत भरली आणि डबे कपाटावर रचले. गाडी शेवटी उचलली. बाहेरून कात्रीचा आवाज मध्येच थांबला, पण ती आत आली नाही. एक खिळा उचलणार नाही म्हणाली होती आणि बाई शब्दाची पक्की.

दिवस मावळायच्या आत टेबल रिकामं झालं. चष्मेवाल्यांनी त्यावरून ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं. वाकून खालचा सरकलेला पाय जागेवर आणला. मग दारात जाऊन म्हणाले, "ये."

"मी नाव काढलं नव्हतं हं," ती म्हणाली.

"नाही काढलंस. मीच काढतोय. ऊठ."

त्यांनी हात दिला. तो धरून ती उठली, चांगला भार टाकून. कापडाचा गठ्ठा त्यांनीच आत नेला आणि टेबलावर सोडला. निळं जाड कापड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात उलगडत गेलं. तिने हाताने सुरकुती काढली, खडूची रेघ मारली आणि कात्री उचलली. उभी राहून. खिडकीचा उजेड थेट तिच्या हातांवर पडला होता. तिला उभं राहून कापताना चष्मेवाल्यांनी तीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पाठ ताठ, मान मोकळी, हात सराईत. ती इतकी उंच आहे हेच ते विसरून गेले होते.

"बघत काय राहिलात?" ती म्हणाली. "ते टोक धरा तिकडचं. आणि मी तिथे येईपर्यंत हलू नका."

त्यांनी टोक धरलं. सोळा फूट कापड कापायला वेळ लागतो. मध्ये एकदा नाक खाजलं, एकदा पाय अवघडला, आणि बाहेर कुणीतरी बेल वाजवली. बहुतेक डॉक्टर असावेत, रविवारच्या चहाला. चष्मेवाले हलले नाहीत.